पीएस मारलं तर फक्त आपल्याच प्रोसेस दिसतात? मग लिस्टवर विश्वास ठेवण्याआधी हे तपासा

आम्ही तिघं एका शेअर्ड लिनक्स सर्व्हरवर काम करायचो, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं पण डेटाचा फोल्डर एकच. माझ्या क्रॉनमधे (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एक छोटी स्क्रिप्ट होती, ती दर दहा मिनिटांनी पीग्रेपने (नावावरून प्रोसेस शोधणारी कमांड) बघायची की मोठा जॉब चालू आहे का, नसेल तर तो चालू करायची. महिनोन्‌महिने नीट चाललं. मग एके दिवशी ॲडमिनने सर्व्हरची सिक्युरिटी कडक केली, आणि त्याच रात्री जॉब मित्राच्या लॉगिनवरून चालू होता. माझ्या स्क्रिप्टला तो दिसलाच नाही, तिला वाटलं काहीच चालू नाहीये, तिने दुसरा जॉब सोडला, आणि सकाळी बघतो तर दोन्ही जॉब एकाच आउटपुट फाइलमधे लिहून बसलेले. चार दिवसांचा रन वाया गेला.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. कुठल्याही नव्या मशीनवर पीएस कमांडने प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, लिस्ट बघताना पहिला प्रश्न हा की या लिस्टमधलं किती मला बघायची परवानगी आहे. लिनक्सवर रिकामी लिस्ट म्हणजे "काही चालू नाही" असाही अर्थ असू शकतो आणि "तुला दाखवणार नाही" असाही, आणि टूल या दोन्हींतला फरक स्वतःहून सांगत नाही. तो फरक कसा ओळखायचा आणि ओळखल्यावर काम कसं करायचं ते इथे पायरीपायरीने लिहितोय.

एक सांगतो, कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

आधी पीएसला माहिती कुठून मिळते ते बघू

लिनक्सवर पीएस, टॉप, एचटॉप, पीग्रेप, पीएसट्री, किलऑल या सगळ्यांचा डेटा एकाच ठिकाणाहून येतो, /प्रॉक. ती डिस्कवरची फाइलसिस्टिम नाही, कर्नल (लिनक्सचा गाभा) ती जागच्या जागी तयार करतो. प्रत्येक चालू प्रोसेससाठी तिथे तिच्या पीआयडी नंबरची (प्रोसेसचा ओळख क्रमांक) एक डिरेक्टरी असते, आत स्टॅट, स्टेटस, सीएमडीलाइन, कॉम, एन्व्हायरॉन, एफडी वगैरे. पीएस काय करतं, तर नंबरवाल्या डिरेक्टऱ्या एकेक करून उघडतं, आतलं वाचतं आणि एक ओळ छापतं. एखादी डिरेक्टरी उघडता आली नाही तर गुपचूप पुढे जातं, कारण प्रोसेस कधीही मरू शकते, लिस्ट वाचता वाचताच एखादी गायब होणं नेहमीचं आहे, म्हणून तिथे एरर देत बसण्यात अर्थ नसतो. आपल्याला चकवणारी गोष्ट हीच आहे, "प्रोसेस आत्ताच मेली" आणि "वाचायची परवानगी नाही" या दोन्ही वेळी पीएस सारखंच वागतं.

काहीच लपवलेलं नसताना सुद्धा सगळं सगळ्यांना दिसत नाही बरं का. सीएमडीलाइन आणि स्टेटस कुणालाही वाचता येतं, पण एन्व्हायरॉन आणि एफडी फक्त त्या प्रोसेसच्या मालकाला आणि रूटला (सगळे अधिकार असलेला यूजर). म्हणून एसएस -टीएलएनपी (उघडे पोर्ट दाखवणारी कमांड) मारलं की दुसऱ्याच्या पोर्टसमोर प्रोसेसचं नाव रिकामं येतं, त्याचा आपल्या आजच्या विषयाशी संबंध नाही, ते पहिल्यापासूनच तसं आहे.

आणि लपवायचं कारण काय, तर सीएमडीलाइन, म्हणजे प्रोसेस ज्या कमांडने सुरू केली ती पूर्ण ओळ. लोक कमांडलाइनवर पासवर्ड देतात, टोकन देतात, क्लायंटची नावं असलेले फाइलचे पाथ देतात, आणि मशीनवर लॉगिन असलेला कुणीही पीएस एयूएक्स मारून ते वाचू शकतो. काही प्रोग्राम सुरू झाल्या झाल्या तो भाग पुसून टाकतात पण मधला एक क्षण उरतोच, आणि आपण लिहिलेल्या पायथनच्या स्क्रिप्टा तर काहीच पुसत नाहीत. त्यामुळे ॲडमिनवर चिडू नका, शेअर्ड मशीनवर हे बंद करणं बरोबरच आहे.

पहिली पायरी: साधं पीएस आणि खरी बंदी यात घोळ करू नका

नुसतं पीएस टाइप केलं तर ते फक्त तुमच्या आणि त्याच टर्मिनलवरच्या प्रोसेस दाखवतं, दोन ओळी येतात, बॅश आणि पीएस स्वतः. नवीन लोकांना इथेच वाटतं की सिस्टिमने लपवलंय. लपवलेलं काही नाही, तुम्ही मागितलंच तेवढं. तुमच्या सगळ्या टर्मिनलवरच्या आणि बॅकग्राउंडच्या प्रोसेस हव्या असतील तर पीएस एक्स, आणि मशीनवरच्या सगळ्या हव्या असतील तर पीएस एयूएक्स किंवा पीएस -ईएफ. एयूएक्सच्या आधी डॅश लावायचा नाही, ती बीएसडीची पद्धत आहे, -ईएफ ही जुन्या युनिक्सची, दोन्ही चालतात.

आता पीएस एयूएक्स मारा आणि चौकटी कंसातल्या ओळी शोधा, केथ्रेडडी, केवर्कर अशी नावं असतात. त्या कर्नलच्या थ्रेड, मालक रूट. साध्या मशीनवर अशा पन्नास-शंभर ओळी सहज असतात. एकही नसेल तर दोनच मोठ्या शक्यता, एक तर हाइडपिड (दुसऱ्यांच्या प्रोसेस लपवणारा, /प्रॉक माउंट करताना म्हणजे जोडताना द्यायचा ऑप्शन) लावलेलं आहे, नाहीतर तुम्ही कंटेनरमधे (डॉकरसारख्या बंदिस्त डब्यात) आहात.

दुसरी पायरी: /प्रॉक कसं माउंट केलंय ते वाचा

फाइंडएमएनटी /प्रॉक

ऑप्शनच्या कॉलममधे हाइडपिड शब्द दिसतो का बघा. फाइंडएमएनटी नसेल तर कॅट /प्रॉक/सेल्फ/माउंट्स आणि त्यात प्रॉकची ओळ शोधा, ते सगळीकडे चालतं.

हाइडपिड लिनक्स ३.३ मधे आलं, २०१२ साली. याच्या किमती अशा: ० म्हणजे काही बंदी नाही. १ म्हणजे दुसऱ्याच्या डिरेक्टऱ्या दिसतात पण आत जाता येत नाही. २ म्हणजे डिरेक्टऱ्याच दिसत नाहीत. २०२० च्या ५.८ कर्नलमधे ४ ही किंमत आली, त्यात ज्या प्रोसेसला तुम्ही पीट्रेस करू शकता, म्हणजे डीबगरसारखं जिच्या आत डोकावू शकता, तेवढ्याच दिसतात. त्याच कर्नलपासून नंबरांना नावंही मिळाली, ऑफ, नोॲक्सेस, इनव्हिजिबल आणि पीट्रेसेबल, म्हणून फक्त "हाइडपिड=२" असं ग्रेप करणारी तुमची तपासणी नव्या मशीनवर फसते, तिथे "हाइडपिड=इनव्हिजिबल" लिहिलेलं असतं. दोन्ही बघा.

ऑप्शनमधे जीआयडी= असंही काही दिसेल. त्या ग्रुपमधल्या लोकांना हाइडपिडची बंदी लागू होत नाही. आयडी कमांड मारून तुम्ही त्या ग्रुपमधे आहात का ते बघून घ्या, कधी कधी असता आणि माहीतच नसतं. ही सूट १ आणि २ लाच आहे, ४ मधे ग्रुपची सूट चालत नाही, तिथे थेट पीट्रेसचीच तपासणी होते.

तिसरी पायरी: पीआयडी १ ला विचारा

माउंटचे ऑप्शन वाचले तरी एकदा प्रत्यक्ष करून बघायचं:

कॅट /प्रॉक/१/कॉम

"सिस्टिमडी" किंवा "इनिट" (मशीनवर सगळ्यात आधी सुरू होऊन बाकीच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) आलं तर सगळं उघडं आहे. "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर हाइडपिड १. "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" आलं तर २ किंवा ४, कारण पीआयडी १ नसलेलं लिनक्स असूच शकत नाही, म्हणजे कर्नल तुम्हाला मुद्दाम नाही म्हणतोय. आणि जर एनजिनएक्स, बॅश, पायथन असलं काही आलं तर तुम्ही कंटेनरमधे आहात, तो वेगळा मामला, पुढे येतोच.

"परमिशन डिनाइड" आलं तर एसईलिनक्सचा (कर्नलमधली जादा सुरक्षा) संशय घ्या. तिथे यूजरलाच मर्यादित डोमेनमधे टाकलेलं असू शकतं आणि माउंट ऑप्शनमधे त्याचा पत्ता लागत नाही, आयडी -झेड (मोठा झेड) मारून आपलं कॉन्टेक्स्ट बघायचं.

चौथी पायरी: किती लपलंय ते मोजा

ही माझी सगळ्यात आवडती आणि लोकांना फारशी माहीत नसलेली. कॅट /प्रॉक/लोडएव्हीजी मारा. पाच गोष्टी येतात, पहिल्या तीन लोड ॲव्हरेज, चौथी अशी असते: ३/४१२. म्हणजे आत्ता पळायला तयार असलेले ३ आणि मशीनवर एकूण ४१२ टास्क, थ्रेड धरून. पाचवी म्हणजे सगळ्यात शेवटी दिलेला पीआयडी. हाइडपिड लावलं तरी ही फाइल सगळ्यांना वाचता येते. आता थ्रेडसकट आपल्याला किती दिसतात ते मोजा:

पीएस -ईएल --नो-हेडर्स | डब्ल्यूसी -एल

इथे ईएल मधला एल मोठा, डब्ल्यूसीचा लहान. समजा इथे ९ आले आणि तिकडे ४१२, तर ४०३ टास्क तुमच्यापासून लपलेत, थोडंफार इकडेतिकडे होणार कारण मधे काहीतरी सुरू होतं, मरतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाद संपतो, "सर्व्हरवर माझं एकट्याचंच चालू आहे तरी स्लो का" हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

एचटॉप उघडलंत तरी हेच दिसतं. वरच्या सीपीयूच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या, मेमरी भरलेली, आणि खाली लिस्टमधे तुमचा एक बॅश शून्य टक्क्यावर. पट्ट्यांचा डेटा /प्रॉक/स्टॅट आणि /प्रॉक/मेमइन्फो मधून येतो, तो पूर्ण मशीनचा आणि उघडा असतो, खालची लिस्ट मात्र गाळलेली. असं चित्र दिसलं की एचटॉप बिघडलं समजून परत इन्स्टॉल करत बसू नका.

मग साध्या यूजरला काय काय बघता येतं

बरंच काही, आणि सगळं नियमात राहून. आपल्या प्रोसेससाठी मी ही एकच कमांड एलियस करून ठेवलीय:

पीएस एक्स -ओ पिड,पीपिड,एलस्टार्ट,ईटाइम,स्टॅट,आरएसएस,आर्ग्ज --सॉर्ट=-आरएसएस

कधी सुरू झाली, किती वेळ चालली, किती मेमरी खाते, पूर्ण कमांड काय, सगळं एका ओळीत. झाडासारखं हवं असेल तर पीएस एक्सएफ.

इथे एक गोची आहे. हाइडपिड २ असेल तर तुमच्या स्वतःच्याही काही प्रोसेस गायब होतात. सुडोने चालवलेली गोष्ट रूटची होते म्हणून दिसत नाही हे कळण्यासारखं आहे, पण एसएसएच-एजंट (लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) तुमच्याच नावाने चालत असूनही दिसत नाही, कारण तो आपल्या मेमरीतल्या किल्ल्या जपण्यासाठी स्वतःला नॉन-डंपेबल करून घेतो, आणि कर्नलची तपासणी यूआयडी (यूजरचा नंबर) नुसता जुळतो का एवढ्यावर थांबत नाही, पीट्रेसने वाचता येईल का असं विचारते. त्यामुळे "एजंट मेला" समजून दर लॉगिनला नवा एजंट सुरू करणारी लोकं असतात, आणि जुने तसेच साठत जातात. एजंट जिवंत आहे का हे एसएसएच-ॲड -एल ने विचारायचं, पीएसने नाही.

मशीन कुणामुळे स्लो आहे हे बघायचं असेल तर प्रोसेसऐवजी सीग्रुपकडे (प्रोसेसचे गट, ज्यांचा हिशेब कर्नल वेगळा ठेवतो) जा. सिस्टिमडी असलेल्या मशीनवर प्रत्येक सर्व्हिसचा आणि प्रत्येक यूजरचा वेगळा सीग्रुप असतो, /सिस/एफएस/सीग्रुप च्या खाली, आणि त्या फाइली साधारणपणे सगळ्यांना वाचता येतात, हाइडपिडचा त्यांच्याशी संबंध नाही. सिस्टिमडी-सीजीटॉप मारलं की कुठली सर्व्हिस किती सीपीयू-मेमरी खातेय ते कळतं, आत कुठली प्रोसेस आहे ते कळलं नाही तरी ॲडमिनला फोन करायला एवढं पुरतं. तसंच सर्व्हिस चालू आहे का हे विचारायला पीग्रेप वापरूच नका, सिस्टिमसीटीएल इज-ॲक्टिव्ह आणि पुढे सर्व्हिसचं नाव, हे साध्या यूजरला चालतं आणि उत्तर खरं मिळतं.

पोर्टचं म्हणाल तर एसएस -टीएलएनई मारा, शेवटचा ई महत्त्वाचा. प्रोसेसचं नाव नाही मिळालं तरी सॉकेट कुठल्या यूआयडीचा आहे ते येतं, रूटचा असेल तर मात्र यूआयडी छापत नाही. ८०८० वर कोण बसलंय हे शोधताना अर्धं काम इथेच होतं.

हाय परफॉर्मन्स क्लस्टरवर असाल, कॉलेजात किंवा रिसर्चच्या ठिकाणी, तर लॉगिन नोडवर पीएस बघून काही उपयोगच नाही, जॉब दुसऱ्याच नोडवर पळतोय, तिथे स्लर्मला (जॉबची रांग सांभाळणारा प्रोग्राम) विचारा, एसक्यू. आणि तिथेही प्रायव्हेटडेटा नावाची सेटिंग असते, ती लावली असेल तर दुसऱ्यांचे जॉब रांगेत दिसणार नाहीत, रांग रिकामी दिसली म्हणजे आपला जॉब लगेच लागेल असं धरू नका. हो, कमांडचं पूर्ण नाव एसक्यू नाही, स्क्यू, एस-क्यू-यू-ई-यू-ई, बोलताना आम्ही छोटं करतो.

स्क्रिप्टमधे "चालू आहे का" कसं विचारायचं

आता त्या चार दिवसांच्या रनकडे परत येतो, कारण खरं नुकसान इथे होतं. पीग्रेपवर अवलंबून असलेली प्रत्येक स्क्रिप्ट बंदीवाल्या मशीनवर धोक्याची आहे. पीग्रेपला काही मिळालं नाही तर तो १ परत करतो, लपवलेलं असो वा नसो. शिवाय पीग्रेप जे नाव जुळवतो ते कॉममधलं, आणि कॉम १५ अक्षरांत कापलेलं असतं, म्हणजे तुमच्या स्क्रिप्टचं नाव त्याहून मोठं असेल तर बंदी नसतानाही ते कधीच सापडणार नाही. -एफ लावलं तर पूर्ण कमांडलाइन जुळवतो, पण मग तुमच्याच शेलच्या कमांडलाइनमधे तो शब्द असला की तोही सापडतो आणि तुम्हाला वाटतं जॉब चालू आहे.

पीआयडी फाइल ठेवून किल -० ने तपासणं हा दुसरा जुना मार्ग. किल -० सिग्नल पाठवत नाही, फक्त पाठवता येईल का ते विचारतो, आणि गंमत नाही तर अगदी कामाची गोष्ट म्हणजे हाइडपिड याला लपवू शकत नाही. प्रोसेस असेल पण दुसऱ्याची असेल तर "ऑपरेशन नॉट परमिटेड", नसेलच तर "नो सच प्रोसेस". अडचण अशी की बॅशमधे दोन्ही वेळी एक्झिट कोड १ येतो, म्हणून इफ मधे नुसतं किल -० लिहिलं तर दुसऱ्याची जिवंत प्रोसेस तुम्ही मेलेली धरता. मेसेज वाचायला लागतो, किंवा पायथनमधून ओएस.किल वापरून परमिशनएरर आणि प्रोसेसलुकअपएरर वेगळे पकडायचे, पहिल्याचा अर्थ जिवंत. आणि पीआयडी पुन्हा वापरले जातात हे विसरू नका, जुन्या फाइलमधला नंबर आज कुणा भलत्याच प्रोसेसचा असू शकतो.

मी आता हे सगळं सोडून फक्त लॉक वापरतो:

एफलॉक -एन /डेटा/प्रोजेक्ट/जॉब.लॉक ./मोठाजॉब

लॉक मिळालं तर जॉब चालतो, दुसऱ्या कुणी धरलं असेल तर लगेच बाहेर पडतो, प्रोसेस मेली की कर्नल लॉक आपोआप सोडतो, आणि कोण कुणाला दिसतंय याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. फक्त दोन काळज्या घ्या. लॉकची फाइल प्रोजेक्टच्या शेअर्ड फोल्डरमधे ठेवा आणि ग्रुपला परवानगी द्या. /टीएमपी मधे ठेवू नका, कारण नव्या कर्नलमधे प्रोटेक्टेड_रेग्युलर नावाची सेटिंग असते, ती चालू असली की तिथे दुसऱ्याने बनवलेली फाइल तयार-करा-नाहीतर-उघडा अशा पद्धतीने उघडता येत नाही, आणि एफलॉक नेमकं तसंच उघडतो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती, लॉकच्या परवानग्या ७७७ करूनही एरर का येते ते कळत नव्हतं.

पीएसच नसेल तेव्हा

छोट्या कंटेनर इमेजमधे पीएस नसतंच, "कमांड नॉट फाउंड" येतं. डेबियनच्या स्लिम इमेजमधे प्रॉकपीएस पॅकेज टाकलं की येतं, पण प्रॉडक्शनच्या कंटेनरमधे पॅकेज टाकत बसू नका, शेल असेल तर तेवढंच पुरतं. /प्रॉक मधल्या नंबरवाल्या डिरेक्टऱ्यांवर फॉर लूप फिरवा, प्रत्येकीतली सीएमडीलाइन टीआर कमांडमधून काढा आणि त्यातले शून्य बाइट स्पेसमधे बदला, कारण आर्ग्युमेंटच्या मधे स्पेस नसते, शून्य बाइट असतो. एरर /डेव्ह/नल मधे टाका, मधेच मरणाऱ्या प्रोसेस असणारच. सीएमडीलाइन रिकामी आली तर कॉम वाचा.

स्टॅट फाइल हाताने फोडणार असाल तर जपून. दुसरं फील्ड म्हणजे नाव, गोल कंसात, आणि त्या नावात स्पेसही असू शकते आणि बंद कंससुद्धा. स्पेसवर तोडलं की पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात. ओळीतला सगळ्यात शेवटचा बंद कंस शोधायचा आणि त्याच्या पुढून मोजायचं.

कंटेनरमधे बाकीच्या प्रोसेस न दिसण्याचं कारण हाइडपिड नसून पीआयडी नेमस्पेस (प्रोसेसच्या नंबरांचं वेगळं जग) असतं, तिथे तुमचं स्वतःचं वेगळं मोजणं चालू होतं, एकपासून. रीडलिंक /प्रॉक/सेल्फ/एनएस/पिड मारा, चौकटी कंसात ४०२६५३१८३६ आला तर तुम्ही मूळ नेमस्पेसमधे आहात, हा नंबर कर्नलमधेच ठरलेला आहे, दुसरा काही आला तर आतल्या. होस्टवर रूट असाल तर एलएसएनएस -टी पिड ने सगळी नेमस्पेस दिसतात, आणि कुठल्या प्रोसेसचा आतला नंबर काय ते तिच्या स्टेटस फाइलमधल्या एनएसपिडच्या ओळीत मिळतं, आधी बाहेरचा, मग आतला. डॉकरमधे --पिड=होस्ट देऊन उघडता येतं पण ते डीबगपुरतंच ठेवा. कुबरनेटिसमधे क्युबसीटीएल डीबग आणि --टार्गेट वापरून शेजारी तात्पुरता कंटेनर लावायचा, पॉडमधले आधीचे कंटेनर न बदलता काम होतं. आणि चौथ्या पायरीतली लोडएव्हीजीची मोजणी इथे जपून वापरा, टास्कचा आकडा बहुतेक वेळा पूर्ण होस्टचा येतो, एलएक्ससीएफएस (कंटेनरला त्याच्यापुरते आकडे दाखवणारं टूल) लावलेलं असेल तर तोही बदललेला.

फोनवर

अँड्रॉइड हीच गोष्ट २०१६ पासून करतंय, ७.० नूगापासून तिथे /प्रॉक हाइडपिड २ ने माउंट होतं. प्रत्येक ॲपचा यूआयडी वेगळा, त्यामुळे टर्मक्समधे (अँड्रॉइडवरचं टर्मिनल ॲप) पीएस मारलं तर फक्त टर्मक्सच्या प्रोसेस दिसणार. ८ पासून ॲपना /प्रॉक/स्टॅटही बंद केलं, म्हणून तिथे एचटॉप रडतं. यावर टर्मक्सच्या आतून काही जुगाड शोधू नका, रीतसर रस्ता एडीबीचा (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं टूल) आहे. एडीबीचा शेल यूजर रीडप्रॉक नावाच्या ग्रुपमधे असतो, जीआयडी ३००९, म्हणून त्याला सगळं दिसतं:

एडीबी शेल पीएस -ए

ए मोठा. अँड्रॉइड ७ आणि त्याआधीचं पीएस हा ऑप्शन ओळखत नाही, तिथे नुसतं पीएस. कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, टर्मक्समधे अँड्रॉइड-टूल्स टाकून त्याच फोनला पेअर करता येतं, काम झालं की डीबगिंग बंद करायचं लक्षात ठेवा. आणि प्ले स्टोअरवरची "सगळी ॲप दाखवतो आणि बंद करतो" म्हणणारी टास्क किलर ॲप, त्यांना ही लिस्ट मिळतच नाही, ती आई-बाबांच्या फोनवर असतील तर काढून टाका.

तुम्हीच ॲडमिन असाल तर

आधी तात्पुरतं लावून बघा, एक रूट सेशन उघडं ठेवून:

माउंट -ओ रीमाउंट,हाइडपिड=२,जीआयडी=<ग्रुपचा नंबर> /प्रॉक

ग्रुप आधी बनवा, नाव काहीही द्या. दोन दिवस काही तुटलं नाही तर एफएसटॅबमधे (काय काय माउंट करायचं त्याची फाइल) प्रॉकची ओळ त्याच ऑप्शनने टाका. तुटण्याची मुख्य ठिकाणं मला माहीत आहेत ती अशी: पोलकिटचा (कुणाला काय करायची परवानगी आहे ते ठरवणारा) डीमन रूट म्हणून चालत नाही आणि त्याला समोरच्या प्रोसेसची /प्रॉक डिरेक्टरी वाचावी लागते, सिस्टिमडी-लॉगिनडीलाही (लॉगिन सांभाळणारी सर्व्हिस) ती वाचावी लागते, आणि मॉनिटरिंगचा एजंट. पोलकिटच्या यूजरला ग्रुपमधे घाला, लॉगिनडी आणि एजंटच्या सर्व्हिसला ड्रॉप-इन फाइल करून सप्लिमेंटरीग्रुप्स द्या, सर्व्हिस रीस्टार्ट करा. एजंटचं विसरलात तर तो शांतपणे "शून्य प्रोसेस" असा आकडा पाठवत राहतो आणि रात्री दोनला अलर्ट येतो की डेटाबेस पडला.

पूर्ण मशीनवर लावायचं नसेल तर सिस्टिमडी २४७ पासून सर्व्हिसपुरतं प्रोटेक्टप्रॉक=इनव्हिजिबल आहे. वेबसर्व्हरमागची ॲप असतील तर मी हेच आधी लावतो, तुटायला फार काही नसतं आणि ॲप हॅक झालं तरी शेजारच्यांच्या कमांडलाइन वाचता येत नाहीत. फक्त ती सर्व्हिस रूट म्हणून चालत असेल तर याचा उपयोग नाही, आधी तिला वेगळा यूजर द्या.

टीममधल्या लोकांना सगळं बघायची गरज असेल तर त्यांना त्या ग्रुपमधे घाला, परत लॉगिन करायला सांगा, बास. सुडोने टॉप किंवा एचटॉप देऊ नका, त्याच्या आतून कुणाचीही प्रोसेस मारता येते. सुडोने पीएस द्यायचंच असेल तर सुडोअर्समधे ऑप्शनसकट पूर्ण कमांड लिहा, मोकळं पीएस दिलं तर ई ऑप्शन लावून सगळ्यांचे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल वाचता येतात, आणि आजकाल निम्मे पासवर्ड तिथेच असतात. ग्रुपचा फायदा हा की त्यातल्यांना कमांडलाइन दिसते पण दुसऱ्याचं एन्व्हायरॉन आणि एफडी बंदच राहतं.

फ्रीबीएसडीवर असाल तर वरचं माउंटचं सगळं सोडा, तिथे पीएस /प्रॉकवर चालत नाही, सिससीटीएल कमांडने सिक्युरिटी.बीएसडी.सी_अदर_यूआयडीज ० केलं की काम होतं, इन्स्टॉलरही शेवटी हे विचारतो. शेअर्ड होस्टिंगवर क्लाउडलिनक्स असेल तर तिथे एफएस.प्रॉक_कॅन_सी_अदर_यूआयडी अशी त्यांची स्वतःची सेटिंग असते, माउंटच्या ऑप्शनमधे काही दिसलं नाही तरी लिस्ट गाळलेली असू शकते.

आणि हे लावायच्या आधी यूजरना एक मेल टाका. तारीख लिहा, आणि एवढं एक वाक्य घाला की ज्यांच्या स्क्रिप्टा दुसऱ्याची प्रोसेस पीग्रेपने शोधतात त्यांनी त्या आधी बदलून घ्या. आम्हाला तो मेल आला असता तर मी त्याच दुपारी एफलॉक लावलं असतं.